सहायक दीपगृह निरीक्षक, हैदराबाद

चहाचा कप ठेवायला मी दीक्षाच्या टेबलापाशी गेले आणि माझ्या मुलाला नोकरी लागलेली पाहिली. पडद्यावर नावांच्या ओळी होत्या. इंग्रजी मी अजून वाचते, सावकाश, अक्षरावर बोट ठेवल्यासारखी. सगळ्यात वरची ओळ रवीची होती. रवी नागोराव हनवते. पुढे त्याचं पद, असिस्टंट लाइटहाऊस इन्स्पेक्टर. त्यापुढे शाखा, हैदराबाद. कप माझ्या हातात तसाच राहिला. रवीला जाऊन तेव्हा दुसरं वर्ष सरत आलं होतं. मला आधी आनंद झाला. हे मी लपवत नाही, कारण त्या आनंदाला कारण नव्हतं आणि तो क्षणभरच टिकला, पण झाला. त्याच्या प्रत्येक मुलाखतीनंतर दाराची कडी वाजली की व्हायचा, तसाच. मग मी ती ओळ पुन्हा वाचली. लाइटहाऊस म्हणजे दीपगृह. हैदराबादला समुद्र कुठला? आमच्या घरात समुद्र पाहिलेलंच कुणी नाही.

"आजी, टच नको करू, रन चालू आहे," दीक्षा म्हणाली. तिच्या कानात ती पांढरी बोंडं होती. मी काय पाहतेय हे तिला कळलं तसा तिचा हात पडद्याकडे गेला, पण तिनं तो झाकला नाही. "हे सगळे खोटे आहेत," ती म्हणाली. "टेस्टिंगची माणसं."

तिची कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या नोकरदारांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. कोण कधी लागला, रजा किती, बढती कधी. ते नीट चालतं का हे पाहायला हजारो माणसं लागतात, आणि खऱ्या माणसांची माहिती अशी खेळायला घेता येत नाही. म्हणून मशीन माणसं तयार करतं. एका टोपलीतून नाव, दुसरीतून आडनाव, आणि पदं तर शब्दाला शब्द जोडून, डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तशी. दीक्षा मला हे सांगत होती तेव्हा मी खालच्या ओळी वाचत होते. अनुराधा खान, मुख्य सुगंध अधिकारी. कुणी डिसूझा, कनिष्ठ पूल-ऐकणारा. कुणी जोशी प्रभारी झाडूवाला होता आणि कुणी कांबळे सर्वोच्च मेघ सल्लागार. मला हसू आलं. मशीनला जात कळत नाही, हे माझ्या मनात आलं, आणि हे ऐकून नागोरावांना किती बरं वाटलं असतं हेही आलं. नागोराव म्हणजे माझे यजमान.

"मग रवी कसा आला यात?"

"पहिलं नाव मी पक्कं केलंय," ती म्हणाली. "बाकीची दर वेळी बदलतात. टेस्ट संपली की सगळे पुसले जातात, पुन्हा चालवली की नवीन येतात. पप्पा फक्त तेच राहतात. त्यांची पोस्ट बदलते." एवढं बोलून तिनं चहा घेतला आणि पडद्याकडे तोंड केलं. बापाचं नाव तिनं मोठ्यानं घेतलं नव्हतं, पप्पा म्हणाली होती, पण तेसुद्धा बऱ्याच दिवसांनी.

मी आत येऊन पलंगावर बसले. खाली काचीगुड्याच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते. या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा दारावर पाटी होती. नागोराव हनवते, पार्सल क्लार्क, दक्षिण मध्य रेल्वे. पाटीवर नावापेक्षा पद मोठ्या अक्षरांत होतं. मला तेव्हा ते जरा विचित्र वाटलं होतं. पुढं कळलं. माझे सासरे भोकरजवळच्या गावात राहायचे, निजामाच्या काळातले. गावात कुणी मेलं की त्याची खबर परगावच्या सोयऱ्यांना पोहोचवायची, हे त्यांचं काम. मेलेलं जनावर ओढायचं, हेही. चावडीवर रात्र काढायची. पाऊस असो, ऊन असो, खबर घेऊन पायी निघायचं आणि पोहोचल्यावर ती लांब उभं राहून सांगायची. या कामाला पद नव्हतं. त्या कामाचं नाव आणि आमच्या जातीचं नाव एकच होतं. म्हणून बाबासाहेबांच्या मागं गेलेल्या त्यांच्या मुलाला शिकून, हैदराबादला येऊन, खुर्चीवर बसायचं काम लागलं तेव्हा त्यानं आधी पाटी करून घेतली, मग भांडी. नागोराव मला म्हणायचे, "विमल, माणसाला नाव आईबाप देतात. पद मात्र स्वतः मिळवावं लागतं." पाटीवरची धूळ ते रोज स्वतः पुसायचे. निवृत्त झाल्यावर रंगाऱ्याला बोलावून पदाच्या आधी 'निवृत्त' घालून घेतलं, आणि जागा पुरेना म्हणून ते अक्षर इतकं बारीक झालं की लांबून कुणाला दिसायचं नाही. त्यांना तेच हवं होतं.

अशा घरात रवी जन्मला. मी मराठी शाळेत शिकवायची, कोठीच्या अलीकडे आमची छोटी शाळा होती, आता तिथं चष्म्याचं दुकान आहे. रवी माझ्याच वर्गात होता. दर वर्षी मी मुलांना विचारायची, मोठेपणी कोण होणार. डॉक्टर, कलेक्टर, इंजनचा ड्रायव्हर. रवी उठला आणि म्हणाला, "अजून ठरलं नाही, बाई." घरी आई, शाळेत बाई, हे त्यानं कधी चुकवलं नाही. मुलं हसली. मी म्हटलं, बस खाली, ठरलं की सांग. तो बी.ए. झाला, एम.ए. झाला, परीक्षांमागून परीक्षा देत राहिला. कधी लेखीत जायचा, तोंडीत राहायचा. कधी जाहिरातच रद्द व्हायची. मराठी घरातलं पोरगं, राज्य तेलुगूचं, अर्ज इंग्रजीत आणि मुलाखत घेणाऱ्यांचे डोळे आडनावावर. मी कुणाला दोष देत नाही. काहींना तेच सगळं असून नोकरी लागली. त्याला नाही लागली. मधल्या काळात तो जनगणनेला गेला, परीक्षेच्या हॉलवर पहारा केला, कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्या एकाच्या गाळ्यावर बसला, अफझलगंजला धान्याच्या व्यापाऱ्याकडे पावत्या लिहिल्या. कुठलंच काम असं नव्हतं की त्याला विचारलं, काय करतोस, तर एका शब्दात सांगता यावं. तो सांगायला लागायचा आणि वाक्य लांबत जायचं. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणायचा. लग्न जमवताना माधवीच्या वडिलांनी विचारलं तेव्हाही तो असाच लांब बोलला. माधवी नर्स होती, तिला दवाखान्यात शब्द कमी आणि काम जास्त बघायची सवय, ती म्हणाली, "बाबा, मला चालतंय." ती चालली. अजून चालतेय. आज तिची दुपारची पाळी आहे, मला हे सगळं एकटीनं आठवायचं आहे.

शेवटची बारा-पंधरा वर्षं रवी कोठीतल्या एका लॅबसाठी स्कूटरवरून रक्ताचे नमुने न्यायचा. गल्ल्यांतले छोटे दवाखाने, डॉक्टरांच्या घरातल्या खोल्या, तिथून नळ्या गोळा करायच्या आणि लॅबमध्ये द्यायच्या. मागं बर्फाचा निळा डबा बांधलेला असायचा. नागोराव तेव्हा होते. पहिल्या दिवशी तो डबा बांधून निघाला तेव्हा ते दारात उभे होते. तो गेल्यावर ते कितीतरी वेळ आत आले नाहीत. मग मला म्हणाले, "बापूही असेच निघायचे. खबर घेऊन." मी म्हटलं, "हे वेगळं आहे हो." ते म्हणाले, "वेगळंच आहे. याला पेट्रोल लागतं." आणि हसले. त्या हसण्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, पण त्याचा याच्याशी संबंध लावू नये, त्यांचं वय झालं होतं.

दीक्षा इंजिनीअरिंगला गेली तेव्हा तिथल्या मैत्रिणींना तिनं सांगितलं की पप्पा लॉजिस्टिक्समध्ये हेड आहेत. मुलीनं एक शब्द शोधला, एवढंच. लांबणारं वाक्य तिनंही लहानपणापासून ऐकलं होतं. एक दिवस ती परीक्षेचं हॉल तिकीट घरी विसरली. रवी फेरीवर होता, मी फोन केला, तो येऊन तिकीट घेऊन गेला. कॉलेजच्या फाटकाशी ती मैत्रिणींबरोबर उभी होती. पुढचं मला रवीनंच सांगितलं, घरी येऊन, स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, हसत हसत. एक पोरगी म्हणाली, "अंकल, दीक्षा बोली आप लॉजिस्टिक्स के हेड हैं." रवीनं दीक्षाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. रवी म्हणाला, "हौ अम्मा, हेड. पूरा साउथ इंडिया मेरे सर पे है," आणि हेल्मेटवर टकटक केलं. पोरी खिदळल्या. दुसरीनं विचारलं, "और ये डब्बे में क्या है?" "कन्साइनमेंट. टॉप सीक्रेट. हाथ लगाए तो नौकरी जाती." "तो ड्रायव्हर कायकू नहीं रखे अंकल?" "रखा था, भगा दिया. स्कूटर तेज चलाता था." असं बराच वेळ चाललं म्हणे. त्यानं त्यांना स्वतःच्या हाताखालच्या लोकांची नावं सांगितली, चेन्नईचं ऑफिस कसं आळशी आहे ते सांगितलं, दीक्षाला पेपर चांगला लिही म्हणून सांगितलं आणि निघाला. हे सगळं मला सांगून झाल्यावर तो तोंड धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता. मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

त्यानंतर त्यानं त्याचा खेळच केला. सकाळी बूट घालताना हाक मारायचा, "दीक्षे, आज आमची पोस्ट काय?" पहिल्यांदा ती बोलायचीच नाही. तिला वाटायचं हा टोमणा आहे. मलाही कळेना की टोमणा आहे की काय आहे. पण तो रोज विचारायचा, आणि रोज तेवढ्याच हलक्या आवाजात, तेव्हा हळूहळू ती उत्तरं द्यायला लागली. "आज व्हाईस प्रेसिडेंट." "आज ग्लोबल हेड." तो म्हणायचा, "अरे बाप रे, मग टाय लागेल." मग तिला नोकरी लागली, ऑफिस हायटेक सिटीकडे, सकाळची घाई, बस, मेट्रो. ती बाथरूममध्ये असायची नाहीतर फोनवर. तो बूट घालायचा, थांबायचा, निघायचा. कुठल्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडलं हे मला आठवत नाही. मला सगळं आठवतं असं घरातले म्हणतात, पण थांबलेल्या गोष्टींचा दिवस लक्षात राहत नाही. एका सकाळी आपण नुसतं दार लावून घेतो. तो गेला तोही असाच, उन्हाळ्यात, लॅबच्या जिन्यावर. नळ्या आधी देऊन झाल्या होत्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात माणसं जमली. आमच्यात त्या दिवशी, गेलेल्या माणसाचा परिचय वाचतात. जन्म, शिक्षण, कोणत्या पदावरून निवृत्त, समाजाला काय दिलं. श्रीकांत म्हणून एक ओळखीचा कार्यकर्ता माइकवर असायचा, भला माणूस. तो माझ्याशेजारी येऊन वाकला. "विमलबाई, पदाचं काय सांगू?" तो म्हणाला, "समाजसेवक म्हणू का? ते सगळ्यांना चालतं." दीक्षा पलीकडून म्हणाली, "नको. काहीच म्हणू नका." श्रीकांत माइकपाशी गेला. सवयीनं बोलायला लागला, "कालकथित रवी नागोराव हनवते हे," आणि थांबला. तिथं एक शब्द येतोच. तो नव्हता. लाउडस्पीकरमधून नुसती खरखर आली, बाहेरच्या बसचा हॉर्न आला. मग तो म्हणाला, "हे आपल्यातून निघून गेले." त्या खरखरीकडे मी आजही कान लावून असते. दीक्षानं त्या दिवसापासून बापाबद्दल बोलणं बंद केलं. फोटोला हार तीच घालायची, पण तोंडानं काही नाही. माधवी म्हणायची, "आत्याबाई, तिला राहू द्या. आत मुरतंय."

म्हणून त्या दीपगृहाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चहा घेऊन गेले. ती घरून काम करायची ते दिवस मला पाठ झाले. मी मागं उभी राहायची. ती खुर्ची जरा सरकवायची, मला दिसावं म्हणून. पडदा काळा व्हायचा, मग ओळी उगवायला लागायच्या. सगळ्यात वर रवी.

"आज काय?" मी विचारलं एकदा.

"चीफ पतंग ऑडिटर."

"जमलं असतं त्याला. संक्रांतीला गच्चीवरून उतरायचा नाही."

ती हसली नाही, पण बोटं थांबली. "मला मांजा धरायला द्यायचे नाहीत. बोट कापेल म्हणून. मी फक्त फिरकी."

मग असंच होत गेलं. विभागीय शांतता समन्वयक झाला, त्यावर ती म्हणाली, "हे तर घरीच होते. तू आणि मम्मी भांडलात की." "आम्ही कधी भांडलो?" "आजी. कढीपत्त्यावरून तुम्ही आठ दिवस बोलला नव्हतात." वरिष्ठ घंटा तपासनीस झाला. भरती-ओहोटीचा प्रादेशिक व्यवस्थापक झाला, त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो, कारण तो पोहायला घाबरायचा, हुसेनसागरात बोटीत बसला तरी मधोमध बसायचा. एकदा त्याला 'प्रशिक्षणार्थी' दिलं तेव्हा मला वाईट वाटलं. पन्नाशीच्या माणसाला प्रशिक्षणार्थी. मी म्हटलं, "पुन्हा चालव." ती म्हणाली, "असं चालवायचं नसतं आजी, रिपोर्ट जातो." आणि चालवलं. मुख्य ऋतू अभियंता आला. मला बरं वाटलं. वेड्यासारखं बरं वाटलं. संध्याकाळी खाली दूधवाल्या अम्मानं विचारलं, "एम् अम्मा, आज खुशीत?" मी तिला काय सांगणार? दुपारी मला झोप येईनाशी झाली होती. टेस्ट संपली की ओळी एकेक करून पुसल्या जायच्या, तेव्हा मी मात्र तोंड फिरवायची, खिडकीत जाऊन उभी राहायची. दीक्षाला ते माहीत होतं. ती म्हणायची, "झालं आजी, बघ आता." उद्या तो परत येणार हे ठाऊक असलं की पुसणं सोसतं.

मग तो फोन आला. दीक्षाचा साहेब कुलदीप, तिच्याहून थोडा मोठा, मी त्याला पडद्यावर पाहिलेलं आहे, दाढी ठेवतो, इथलाच मुलगा. त्या दिवशी बोंडांची बॅटरी उतरली होती म्हणून आवाज खोलीत येत होता. आधी इंग्रजीत बरंच काही झालं. मग तो म्हणाला, "दीक्षा, एक छोटी चीज. क्लायंट के प्रायव्हसी वाले पूछ रहे. हर रिपोर्ट में पहला नाम सेम आ रहा. रवी नागोराव हनवते. बाकी सब बदलते, ये नहीं बदलता. रियल पर्सन तो नहीं ना?"

मी चहाचा ट्रे धरून दारात होते. दीक्षानं नजर खाली वळवली.

"मैं समझ रहा," कुलदीप म्हणाला. त्यानं तिचं आडनाव वाचलं असणार. "देख, रियल है तो आज निकालना पडेगा, हर जगह से, बॅकअप से भी. रूल है. रँडम है बोल दे तो बात खतम. मेड-अप नेम. मैं वैसाइच लिख देता, रहने दे उसको. तू बोल बस."

"एक मिनिट, सर," दीक्षा म्हणाली आणि तिनं आवाज बंद केला. पडद्यावर कुलदीप दुसरीकडे पाहत थांबला. ती माझ्याकडे वळली नाही. पण तिला माहीत होतं मी आहे.

मी ट्रे खाली ठेवला. "खोटा आहे म्हण," मी म्हटलं.

"आजी."

"म्हण ना. काय जातं तुझं? तो मुलगा स्वतः म्हणतोय, राहू दे. राहील ना तो. रोज येईल. कुणाच्या अध्यात ना मध्यात, एका ओळीत असतो बिचारा." माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. शाळेत मी मुलांना खोटं बोललं तर बाकावर उभं करायची. "मी काही मागितलं का तुझ्याकडे कधी? एवढं म्हण. मेड-अप म्हण."

"तो खोटा आहे म्हटलं तरच राहणार, असं आहे ते."

"मग असू दे."

"फाटकापाशी मी तेच केलं होतं," ती म्हणाली. अगदी हळू. "आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं. मला वाचवायला माझ्यासमोर उभं राहून ते खोटे झाले. आजी, मला पुन्हा नाही जमणार. तू सांगितलंस तरी."

मला तिला मारावंसं वाटलं आणि तिचे पाय धरावेसे वाटले. मी तिच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. माझा मुलगा त्या यंत्रात दुसऱ्यांदा मरायला ठेवला होता आणि त्याच्या मुलीचा हात बटणावर होता, आणि ती बरोबर होती. बरोबर असण्याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तिनं आवाज चालू केला. "सर, रियल है. मेरे पप्पा थे."

कुलदीपनं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "हां. सॉरी दीक्षा." आणि मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, चांगल्या घरातला मुलगा विचारील तसं त्यानं विचारलं, "क्या करते थे?"

मी डोळे मिटले. मला वाटलं आता ते लांब वाक्य येणार, नाहीतर एखादा इंग्रजी शब्द. पण दीक्षा सरळ बोलली, थोडी घोगरी, पण न अडखळता.

"कोठी में एक लॅब के लिए ब्लड के सॅम्पल लेके जाते थे. स्कूटर पे. दवाखानों से लॅब तक. मैं कॉलेज में थी तब भी, मेरी नौकरी लगी तब भी. जिस दिन गए उस दिन भी."

"अच्छा," कुलदीप म्हणाला. "धूप में बहुत हुआ होगा."

"हौ सर. बहुत."

"आराम से निकाल. शाम तक भी चलेगा."

फोन बंद झाला. ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. कुठं कुठं जाऊन, तीन-चार ठिकाणी, तिनं ते नाव काढलं. यंत्र प्रत्येक वेळी विचारत होतं, नक्की ना, आणि ती होय म्हणत होती. या वेळी मी खिडकीत गेले नाही. त्याची ओळ गेली आणि जागा रिकामी राहिली नाही. खालची ओळ वर सरकली, तिच्याखालची तिच्या जागी आली, असं करत सगळे एकेक पायरी चढले. मला वाटलं होतं, निदान थोडा वेळ तरी तिथं मोकळं दिसेल.

चहावर साय धरली होती. दीक्षानं पडदा मिटला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली, परीक्षा संपल्यावर मुलं बसतात तशी. खाली एक फेरीवाला जुनी भांडी मागत गेला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे केस रवीसारखे आहेत, राठ, तेल लावलं तरी बसत नाहीत.

"आजी," ती म्हणाली, "पप्पा दुपारी कुठं जेवायचे?"

"अं?"

"दिवसभर तर स्कूटरवर असायचे. लॅबमध्ये बसायला जागा नव्हती, ते म्हणायचे. मग डबा कुठं खायचे? कुठल्या दवाखान्यात? की रस्त्यावर? की झाडाखाली कुठं?"

ती मान वर करून माझ्याकडे पाहत होती. तिला खात्री होती की मला माहीत असणार, मला सगळं आठवतं. मी कोठीच्या गल्ल्या डोळ्यांपुढे आणल्या, औषधांची दुकानं, पुस्तकवाले, बँकेपुढची पायरी, नळाशेजारचा पिंपळ. प्रत्येक ठिकाणी त्याला बसवून पाहिलं. कुठंच तो बसेना. सकाळी डबा मी भरायची. संध्याकाळी तो मीच घासायची, आणि तो नेहमी चाटूनपुसून रिकामा असायचा. मधलं मला ठाऊक नव्हतं.